काहीच न घडलेला आठवडा

गेला आठवडा आपल्या वस्तीत काहीच न घडता गेला. वर्षावास चालू आहे, त्यामुळे संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन झाले. पावसाने दोन दिवस झोडपले आणि तिसऱ्या दिवशी ऊन पडले तेव्हा गल्लीभर गोधड्या वाळत पडल्या. मुले शाळेत गेली, बायका कामावर गेल्या, नाक्यावर उभे राहणाऱ्यांपैकी कोणाला चार दिवस काम मिळाले, कोणाला दोन. रविवारी एका घरी नामकरण झाले. कोणाला विचारले, "काय विशेष?" तर उत्तर येते, "काही नाही, चाललंय."

आरोग्याच्या या पानावर आम्ही एरवी आजारांबद्दल लिहितो. कावीळ, डेंग्यू, रक्तदाब, पाळीचे त्रास. या वेळी आम्हाला या "काही नाही"बद्दल लिहायचे आहे. भर पावसाळ्यात, भिंतीला भिंत लागून असलेल्या दहा बाय बाराच्या घरांत, सात दिवस एकही मूल जुलाबाने दगावत नाही, एकही बाई बाळंतपणात जात नाही, हे आपोआप होत नाही. घरातल्या आजीला विचारून पाहा. किती मुले झाली आणि किती राहिली, असे दोन आकडे ती सांगते. तिच्या नातसुनेला बहुधा एकच आकडा सांगावा लागतो. मधला फरक कोणी भरून काढला, हा आमचा प्रश्न आहे.

पहाटेपासून सुरुवात करू. नळाला पाणी येते, कारण त्याआधी कोणीतरी चावीवाला अंधारात येऊन व्हॉल्व्ह फिरवून गेलेला असतो. शहापूरच्या बाजूच्या धरणांतून निघालेले ते पाणी शुद्धीकरण केंद्रात गाळले जाते, त्यात क्लोरीन घातले जाते आणि मग ते आपल्या गल्लीपर्यंत पोचते. पाण्याला कधी औषधासारखा वास आला की आपण नाक मुरडतो. खरे तर तो वास म्हणजे पाण्यात अजून जंतू मारण्याची ताकद शिल्लक असल्याची खूण आहे. पाणी खात्याचा माणूस अधूनमधून बाटलीत नमुना भरून नेतो, तेही हेच तपासायला. तरीही आपल्याकडे पाणी उकळूनच प्यावे लागते, कारण वस्तीतले पाइप गटाराला खेटून गेलेले असतात. पाण्याचा दाब गेला की फुटक्या सांध्यातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. केंद्रावर स्वच्छ झालेले पाणी शेवटच्या शंभर फुटांत घाण होते. त्या शंभर फुटांची दुरुस्ती हीसुद्धा आरोग्याचीच सेवा आहे, हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

डासाचे जगणे आठवड्याच्या हिशोबाने चालते, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. अंडे, अळी, कोष आणि मग डास, हा प्रवास पावसाळ्यातल्या दमट उकाड्यात साधारण आठ-दहा दिवसांत पुरा होतो. म्हणून ‘कोरडा दिवस’ आठवड्यातून एकदा पाळायचा असतो. पंधरवड्यातून एकदा पाळला तर उपयोग नाही, तोवर डास उडून गेलेले असतात. पिंप नुसते रिकामे करूनही भागत नाही, आतून घासावे लागते, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी पिंपाच्या भिंतीला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. पालिकेच्या कीटकनाशक विभागाचा कामगार पत्र्यावर चढतो, ताडपत्रीच्या घडीत साचलेले पाणी उलटतो, टायर, कुंड्या, माळ्यावरची डबडी बघतो. त्याच्याशी वस्तीत रोज कोणाची तरी बाचाबाची होते. "भाऊ, तासभर पाणी येतं, ते ओतू नका," असे बाई म्हणते, आणि तिचे म्हणणे खोटे नाही. ज्याला चोवीस तास पाणी मिळते त्याने ज्याला तासभर मिळते त्याला "पाणी साठवू नका" असे सांगणे सोपे आहे. मधला मार्ग इतकाच की पिंपाला घट्ट झाकण किंवा दोन पदरी कापड बांधायचे आणि आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी, पाणी संपत आले असताना, पिंप घासायचे. त्या कामगाराला बाटलीत अळ्या दाखवता येतात, न झालेला मलेरिया मात्र दाखवता येत नाही. त्याच्या सगळ्या कामाचे दुखणे हेच आहे.

आता टीबीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या वस्त्यांत हा आजार अजून घरोघर लपून बसलेला आहे.

एका गल्लीत एक तरुण आहे. नाव सांगत नाही, प्रत्येक वस्तीत तो असतोच. तीन आठवडे खोकला होता, संध्याकाळी अंग कोमट व्हायचे, विजार सैल झाली होती. आधी मेडिकलमधून खोकल्याची बाटली झाली, मग एका खासगी दवाखान्यात दोन सुया आणि एक सलाइन झाले. शेवटी आरोग्य स्वयंसेविकेने त्याला गाठले आणि थुंकी तपासायला लावली. थुंकीत टीबीचे जंतू निघाले. औषध सुरू झाले, सरकारी, घरपोच म्हणावे इतके जवळ. पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन, रोज, वजनाप्रमाणे ठरलेल्या गोळ्या. दोन महिन्यांत त्याचे वजन वाढले, खोकला गेला, तो कामावर जायला लागला.

धोका तिथेच असतो. माणसाला बरे वाटते आणि जंतू अजून पूर्ण मेलेले नसतात. या वेळी गोळ्या सुटल्या तर उरलेले चिवट जंतू पुन्हा वाढतात, आणि काही वेळा ते नेहमीच्या औषधांना जुमानत नाहीत. मग येतो तो औषधांना दाद न देणारा टीबी, ज्याची औषधे जड, तपासण्या जास्त आणि त्रासही जास्त. त्या तरुणाच्या घरात म्हातारी आई आहे, दोन लहान भाचे आहेत, खिडकी एकच आहे. त्याच्या गोळ्या सुटणे म्हणजे त्या खोलीतल्या सगळ्यांचा प्रश्न होतो, आणि पलीकडच्या खोलीचाही.

म्हणून ती स्वयंसेविका येत राहते. दुसऱ्या महिन्यानंतरही येते, तिसऱ्यालाही येते. गोळ्यांची रिकामी पाकिटे मोजते. लघवी लालसर-नारिंगी होते म्हणून तो घाबरला तेव्हा ते औषधामुळेच होते हे तिने सांगितले. मळमळ होत असेल तर गोळ्या बंद न करता केंद्रावरच्या डॉक्टरांना दाखव, हे सांगितले. घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या करून घेतल्या, कारण रुग्णाबरोबर राहणाऱ्यांनाही तपासून, गरज असेल तर प्रतिबंधक औषध देता येते. निक्षय पोषण योजनेचे पैसे बँकेत जमा झाले का, याची चौकशी केली. ही रक्कम २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून ती १००० झाली. आधार आणि खाते जुळले नाही तर हप्ता अडतो, तेव्हा रुग्णाच्या घरच्यांनी हे विचारत राहावे.

आणि शेजारी विचारतात, "ताई, यांच्याकडे काय सारख्या येता?" तेव्हा ती म्हणते, "कार्डाचं काम आहे." त्याच्या बहिणीचे लग्न जमायचे आहे. टीबीचे नाव फुटले तर काय होते हे तिला ठाऊक आहे. हे तिच्या कामाच्या यादीत कुठे लिहिलेले नाही, या कामाला भत्ता नाही.

एक गोष्ट मात्र इथे स्पष्ट बोलली पाहिजे. टीबीच्या रुग्णाचे ताट-वाटी वेगळी करण्याची रीत अजून काही घरांत आहे. टीबी ताटावाटीतून पसरत नाही. खोकल्यातून, शिंकेतून, कोंदट हवेतून तो पसरतो. योग्य औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच बहुतेक रुग्णांकडून दुसऱ्याला लागण होण्याचा धोका खूप उतरतो. खिडकी उघडी ठेवा, खोकताना तोंडावर रुमाल धरायला सांगा, पण ताट वेगळे करू नका. ताट वेगळे करण्याचा अर्थ आपल्या समाजाला नव्याने समजावून सांगायची गरज नाही.

आठवड्यात आणखी बरेच झाले. बुधवारी विहाराच्या पडवीत लसीकरण झाले. सिस्टर लस ठेवायचा निळा डबा घेऊन आल्या, त्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये लस ठेवलेली असते. लस २ ते ८ अंश तापमानातच ठेवावी लागते, आणि गोवराची कुपी एकदा उघडली की चार तासांत वापरावी लागते, म्हणून "दुपारून येते" म्हणणाऱ्या बाईला त्या पुन्हा पुन्हा निरोप पाठवतात. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसी झाल्या की अनेक घरांत कार्ड ट्रंकेत जाते. नऊ महिने पूर्ण झाल्यावरची गोवर-रुबेलाची लस आणि तिचा दीड वर्षाच्या सुमाराचा दुसरा डोस राहून जातो. २०२२ च्या पावसाळ्यानंतर गोवंडीच्या बाजूला गोवराची साथ आली तेव्हा हे सगळ्यांनी पाहिले आहे. कोरोनाच्या काळात नेहमीचे लसीकरण मागे पडले होते, त्याची किंमत लहान मुलांनी दिली. याउलट भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी सापडला, पश्चिम बंगालमध्ये. त्यानंतर जन्मलेल्या आपल्या मुलांना पोलिओने लुळा पडलेला सवंगडी बघावा लागलेला नाही. बूथवर, स्टेशनवर, घरोघर फिरून दोन थेंब पाजणाऱ्या बायकांना त्या वेळी दारे लावून घेणारी घरेही होती.

शुक्रवारी एका पोराला कुत्रा चावला. आजीने हळद लावायच्या आत शेजारणीने जखम नळाखाली धरून साबणाने पंधरा मिनिटे धुतली आणि पोराला पालिकेच्या दवाखान्यात नेले. लस तिथे मोफत मिळते. ठरलेल्या तारखांना सगळे डोस पूर्ण करायचे, एक घेऊन थांबायचे नाही. रेबीज झाला की त्यावर इलाज नाही, म्हणून या आजारात जे काही करायचे ते आधीच.

तर असा हा काहीच न घडलेला आठवडा. चावीवाला, झाडूवाल्या ताई, कीटकनाशकवाला, स्वयंसेविका, सिस्टर, थुंकीची काच बघणारा तंत्रज्ञ, रक्तदाबाच्या महिन्याच्या गोळ्या मोजून देणारा औषध खिडकीवरचा माणूस. यातले कोणीही आपल्याकडे बिल पाठवत नाही, आणि म्हणूनच त्यांच्या कामाला वस्तीत एक शब्द चिकटला आहे: फुकट. आम्हाला हा शब्द मुळीच आवडत नाही. "फुकटचं औषध लागू पडत नाही," "फुकटात काय मिळणार," असे सर्रास बोलले जाते. फुकट काहीच नाही. साबणाच्या वडीवर, बिस्किटाच्या पुड्यावर, मोबाइलच्या रिचार्जवर धुणीभांडी करणारी बाईसुद्धा कर भरते. त्या पैशाने ती गोळी आलेली असते. आपण ती आधीच विकत घेतलेली आहे.

सरकारी दवाखान्याबद्दलच्या तक्रारी खोट्या आहेत, असे आम्ही म्हणणार नाही. ओपीडी सकाळची, आणि सकाळीच घरकामगार बाई चार घरी पोचलेली असते. रांगेत उभे राहायचे म्हणजे नाका कामगाराची एका दिवसाची मजुरी जाते, आणि ती मजुरी खासगी डॉक्टरच्या फीपेक्षा जास्त असते. मग तो रात्री नऊ वाजता उघड्या असलेल्या दवाखान्यात जातो, यात त्याचे काय चुकले? कुठे खिडकीवरची भाषा तुसडी असते, कुठे औषध "बाहेरून आणा" म्हणून चिठ्ठी हातात पडते. हे सगळे खरे आहे आणि बदलले पाहिजे. पण यावरून सरकारी सेवा बंद पडली तरी चालेल असे जे अनुमान काढले जाते, तिथे आमचा रस्ता वेगळा होतो. का, ते सांगायला थोडे मागे जावे लागेल.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. महाडच्या संदर्भात आपण तो दरवर्षी ऐकतो: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात. पण त्याच ठरावात शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने हेही शब्द होते. दवाखाने. सरकारी पैशातून चाललेल्या दवाखान्यात आपल्या माणसाला शिरता यावे, यासाठी कायदेमंडळात ठराव करावा लागला होता. महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचे कागदावर लिहिले, तरी २० मार्च १९२७ पर्यंत त्या पाण्याला कोणी हात लावू शकले नाही. कागदावरचा हक्क आणि ओंजळीतले पाणी यांच्यामध्ये ती चार वर्षे होती.

आणि पैसे देऊन काय मिळत होते, तेही बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या लिखाणात काठेवाडमधल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र आहे. ते पत्र डिसेंबर १९२९ मध्ये ‘यंग इंडिया’त छापून आले होते. त्या शिक्षकाची बायको बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर फी घेऊन यायला तयार झाला, पण तिला वस्तीबाहेर आणण्याच्या अटीवर. थर्मामीटर त्याने एका मुसलमान माणसाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच वाटेने तो परत गेला. तिला हात न लावता डॉक्टरने न्यूमोनियाचे निदान केले. ती बाई वाचली नाही. फी दिलेली होती. स्पर्श त्या फीमध्ये नव्हता.

आज बुधवारी विहाराच्या पडवीत सिस्टर प्रत्येक बाळाची मांडी हातात धरून सुई टोचतात, त्याचे आडनाव विचारून नाही. आपल्याला ही साधी गोष्ट वाटते, आणि ती साधी वाटावी हेच योग्य आहे. पण ती साधी कशी झाली हे विसरून चालणार नाही. ‘सार्वजनिक’ हा शब्द ज्या दारावर लिहिलेला असतो ते दार आपल्याला हक्क म्हणून ठोठावता येते. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात लोकांचे पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक म्हणून लिहिले आहे. खासगी दवाखान्याच्या दारावर असे काही लिहिलेले नसते. तिथे दर असतो.

खासगी डॉक्टर सगळे वाईट, असा याचा अर्थ नाही. आपल्यातलीच मुले शिकून डॉक्टर झाली आहेत, वस्तीत दवाखाना टाकून पन्नास-शंभर रुपयांत प्रामाणिकपणे तपासतात. मुद्दा वेगळा आहे. आजारी माणसाला बरे करण्याचे पैसे मिळतात. आजारी न पडलेल्या माणसाचे पैसे कोण कोणाला देणार? पत्र्यावरचे टायर उलटवण्याचे, ट्रंकेतले लसीचे कार्ड शोधायला लावण्याचे, बरे वाटू लागलेल्या टीबी रुग्णाचे दार चौथ्या महिन्यात ठोठावण्याचे बिल होत नाही. ही कामे पगारावर ठेवलेल्या माणसानेच करायची असतात, आणि तो पगार सगळ्यांनी मिळून द्यायचा असतो. मुंबईत पालिकेची काही रुग्णालये खासगी भागीदारीत देण्याचे प्रस्ताव आले तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. खाटा कमी होतील का, दर वाढतील का, असे प्रश्न तिथे विचारले गेले, आणि ते बरोबरच होते. आम्हाला त्यात आणखी एक प्रश्न घालायचा आहे. कंत्राटदार रुग्णालय चालवेल, पण आमच्या गल्लीत कोण येईल?

जी आज येते तिची स्थिती काय आहे तेही पाहू. तिला पगार नाही, ‘मानधन’ मिळते. गावाकडे ती ‘आशा’ असते, मुंबईत ‘आरोग्य स्वयंसेविका’. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला, टीव्हीवर बातमी झाली. २०२४ च्या सुरुवातीला त्याच महाराष्ट्रातल्या आशा कबूल झालेल्या मानधनवाढीसाठी आझाद मैदानात आठवडेच्या आठवडे बसल्या होत्या. ‘स्वयंसेविका’ हा शब्द कोणी शोधला माहीत नाही, पण मोठा सोयीचा शब्द आहे. सेवा म्हटले की भविष्य निर्वाह निधी नको, पेन्शन नको, आजारपणाची रजा नको. कचऱ्याच्या गाडीवरचा कंत्राटी कामगारही तसाच: हातमोजे मिळाले तर मिळाले, गमबूट फाटले तर स्वतःच आणायचे. या कामांत कोणाच्या घरची माणसे आहेत हे आपल्या वस्तीत सांगायला नको, आपल्याच. १० मार्चला आपण सावित्रीमाईंची आठवण काढतो, प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना त्यांनी १८९७ साली प्राण सोडले, हे भाषणात सांगतो. आणि भाषण संपल्यावर स्टेजच्या मागचा कचरा उचलायला आलेल्या बाईला "ए बाई" म्हणून हाक मारली जाते. तिला नाव आहे, ते विचारता येते.

सार्वजनिक सेवा टिकवण्याचे काम मोर्चाच्या दिवशी होते तसे साध्या मंगळवारीही होते. ओपीडीच्या रजिस्टरात नाव चढणे हा त्यातला एक भाग आहे. एखाद्या दवाखान्यात रुग्णच येत नाहीत असे कागदावर दिसले की तो बंद करायला किंवा दुसरीकडे हलवायला कारण सापडते. म्हणून रक्तदाब, मधुमेहाच्या महिन्याच्या गोळ्या तिथूनच घ्याव्यात, बाळंतपणाची नोंदणी पहिल्या तीन महिन्यांतच तिथे करावी, खोकला दोन आठवडे टिकला तर थुंकी तिथेच द्यावी. औषध नाही असे उत्तर मिळाले तर भांडण करून निघून येऊ नये. कोणते औषध, कोणत्या तारखेला नव्हते, हे लिहून काढावे.

आमच्याकडे महिला मंडळाने या महिन्यात एक अर्ज तयार केला आहे. त्यात तीनच मागण्या आहेत. आठवड्यातून निदान दोन दिवस ओपीडी संध्याकाळी ठेवावी, म्हणजे कामावरून परतणाऱ्या बायकांना येता येईल. दवाखान्यात कोणती औषधे शिल्लक आहेत याचा फलक दाराशी, मराठीत लावावा. आणि वस्तीतल्या पाण्याच्या पाइपचे गटारातून जाणारे सांधे बदलावेत, ते कोणत्या गल्लीत आहेत याचा हाताने काढलेला नकाशा सोबत जोडला आहे. नकाशा काढायला दहावीतल्या दोन मुली आणि तो चावीवाला यांना एक रविवार लागला. चावीवाल्याला सगळे सांधे पाठ आहेत. त्याला हे आजवर कोणी विचारले नव्हते, एवढेच.

अर्जावर सह्या घेण्याचे काम वाचनानंतर विहारात चालू आहे. ज्यांना सही येत नाही त्यांचा अंगठा घ्यावा, आणि अंगठ्याशेजारी त्यांचे नाव व गल्ली लिहावी. इतर वस्त्यांनी आपापल्या मागण्या घालून असाच अर्ज केला तर तो विभाग कार्यालयातील वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे द्यावा आणि पाइपच्या मागणीची वेगळी प्रत पाणी खात्याकडे द्यावी. दोन्हीकडे एक-एक जादा प्रत न्यावी आणि तिच्यावर आवक विभागाचा शिक्का, तारीख आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.